रंग गाडीला, झळ छातीला

गेल्या पावसाळ्यात एक तिशीतला तरुण आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, रात्र रात्र खोकतो हा. उठून बसतो, मला बसवत नाही बघून," माउली सांगत होती. हवा पावसाळी, घरोघरी खोकला. मी नेहमीचे औषध दिले. पंधरवड्याने तो पुन्हा आला, पुन्हा औषध घेऊन गेला. तिसऱ्या खेपेला तो सहज बोलून गेला, "गणपतीत आठ दिवस गावी होतो, तेव्हा मात्र झकास झोप लागली." तेव्हा कुठे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला, "तू काम काय करतोस?"

तो मोटारींना स्प्रे गनने रंग मारत होता.

एका दुपारी मी त्याचे गॅरेज पाहायला गेलो. तीन बाजूंनी पत्रा, समोर पडदा, आत एक मोटार आणि नाकाला रुमाल बांधलेला हा. हात मात्र कसबी होता. गन पत्र्यापासून सहा ते आठ इंचांवर, म्हणजे वीतभरापेक्षा किंचित कमी. जवळ नेली तर रंगाचे ओघळ येतात, लांब धरली तर रंग वाटेतच सुकतो आणि पत्रा खरखरीत होतो. मनगट न फिरवता सगळा हात सरळ रेषेत न्यायचा. कमान काढली की कडेला रंग पातळ बसतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. घोडा पत्र्याच्या कडेआधी दाबायचा आणि कड ओलांडल्यावर सोडायचा. हे सारे त्याला उस्तादाने शिकवले होते. छातीचे मात्र कोणी शिकवले नव्हते.

वाचकहो, गनमधून निघालेला सगळा रंग गाडीवर बसत नाही. जुन्या, जास्त दाबाच्या गनमध्ये निम्म्याहून अधिक रंग धुके होऊन हवेत जातो. हे धुके कारागीर श्वासाबरोबर आत घेतो. थिनरमुळे डोके दुखते, गरगरते. ते लगेच कळते. खरा धोका असतो तो हार्डनरमध्ये. दोन डब्यांतले मिश्रण करून मारायच्या, चकचकीत आणि टणक होणाऱ्या रंगांत व लॅकरमध्ये जो हार्डनर घालतात, त्यात बहुधा आयसोसायनेट नावाचे रसायन असते. व्यवसायातून जडणाऱ्या दम्याचे हे जगभर ओळखले गेलेले एक प्रमुख कारण आहे.

या रसायनाची खोड अशी, की ते आधी काहीच करत नाही. काही महिने, कधी काही वर्षे माणूस ठणठणीत असतो. मग एके दिवशी शरीर त्याच्यावर रुसते, आणि त्यानंतर अगदी थोडी मात्राही दम लागायला पुरते. त्रास पुष्कळदा काम संपल्यावर, रात्री सुरू होतो. म्हणून रोगी त्याचा संबंध कामाशी जोडत नाही, आणि माझ्यासारखे डॉक्टरही चुकतात. सुट्टीत बरे वाटणे ही याची मोठी खूण.

मी त्या तरुणाला पीक फ्लो मीटर दिले. जोराने फुंकले की श्वासाचा वेग दाखवणारी ही साधी नळी असते. दिवसातून चार वेळा फुंकून त्याने आकडे वहीत लिहिले. कामाच्या दिवसांत आकडा उतरे, सुट्टीत चढे. निदान स्पष्ट होते. फवारणी सोड, हे सांगताना मला जड गेले. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "माझे जाऊ द्या साहेब. धाकटा भाऊ तिथेच शिकतोय. त्याला काय सांगू?"

त्याला सांगितले तेच इथे लिहितो.

पहिली गोष्ट गनची. हवा जास्त पण दाब कमी अशी एचव्हीएलपी गन मिळते. ती नीट चालवली तर साधारण ६५ टक्के किंवा अधिक रंग कामावर बसतो. दाब विनाकारण वाढवू नये. धुके वाढते आणि रंगही फुकट जातो. पण चांगल्या गननेही धुके उरतेच, म्हणून नाक-तोंड झाकणे चुकत नाही.

रुमाल, कापडी पट्टी किंवा कोरोनाच्या साथीत घरोघरी आलेले मास्क रसायनाची वाफ अडवत नाहीत. नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा सर्वांत चांगला. तो नसेल तर निदान कोळशाचे डबे आणि बारीक कण अडवणारी गाळणी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा हवा. डबे वेळेवर बदलावेत. दाढी वाढलेली असेल तर तो घट्ट बसत नाही. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच समजू नये. घातक प्रमाणातही आयसोसायनेटचा वास येत नाही.

फवारणी थांबली की लगेच मुखवटा काढू नये. दिसेनासे झालेले धुके हवेत बराच वेळ तरंगत असते. त्या वेळी चहावाल्या पोराला किंवा गिऱ्हाइकाला आत घेऊ नये. हे रसायन कातडीवाटेही बाधते. हातमोजे वापरावेत आणि हात थिनरने न धुता साबणाने धुवावेत. गूळ खाल्ला, दूध प्यायले की छाती साफ होते, हा समज खोटा आहे.

आणि खोकला, छातीत घरघर किंवा धाप सुरू झाली तर दुखणे अंगावर काढू नये. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपला धंदा त्यांना सांगावा. लवकर बाजूला झालेला माणूस बरा होण्याची आशा अधिक. तसाच राबत राहिला तर दमा जन्माचा सोबती होतो.

तो तरुण आता दुसरीकडे, जिथे फवारणी होत नाही अशा ठिकाणी पत्राकाम करतो. पंप अधूनमधून लागतो, पण रात्री झोपतो. मागच्या महिन्यात भावाला घेऊन आला होता. भावाच्या हातात नवा मुखवटा होता, आणि तो घट्ट बसावा म्हणून त्याने दाढी काढली होती.