हरित पक्ष
हरित पक्ष : निसर्गाचे संरक्षण आणि आर्थिक वाढीच्या मर्यादांचा स्वीकार ही राजकारणाची मूलभूत उद्दिष्टे मानणाऱ्या पक्षांची सर्वसाधारण संज्ञा. भांडवलशाही व समाजवादी या दोन्ही विचारप्रवाहांनी उत्पादनवाढ इष्ट म्हणून गृहीत धरली होती. त्या गृहीतकालाच या पक्षांनी आव्हान दिले. आरंभीचे हरित पक्ष आकाराने लहान व अल्पायुषी ठरले. त्यांच्या ऱ्हासास अंतर्गत मतभेद कारणीभूत झाले. तथापि अनेक ठिकाणी निवडणूक-पद्धतीचा वाटा त्याहून मोठा होता.

ऑस्ट्रेलियाच्या टॅस्मेनिया राज्यातील पेडर सरोवर जलविद्युत् प्रकल्पाखाली बुडविण्याच्या योजनेस विरोध करण्यासाठी मार्च १९७२ मध्ये होबार्ट येथे ‘युनायटेड टॅस्मेनिया ग्रुप’ स्थापन झाला. तो जगातील पहिला हरित पक्ष मानला जातो. त्याच वर्षीच्या प्रांतिक निवडणुकीत त्यास सु. ३·९ टक्के मते मिळाली. परंतु जागा मिळाली नाही आणि सरोवरही वाचले नाही. काही वर्षांतच पक्ष लयास गेला. त्याचे एक उमेदवार बॉब ब्राउन हे पुढे फ्रँक्लिन नदीवरील धरणाविरुद्धच्या यशस्वी लढ्याचे (१९८३) व नंतर ऑस्ट्रेलियातील हरित पक्षाचे नेते झाले.

मे १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे टोनी ब्रंट यांच्या पुढाकाराने ‘व्हॅल्यूज पार्टी’ स्थापन झाली. राष्ट्रीय पातळीवरील हा पहिला हरित पक्ष होय. लोकसंख्या व अर्थव्यवस्था यांची वाढ स्थिर करणे, अणुशक्तीस विरोध आणि सत्तेचे विकेंद्रीकरण ही त्याच्या कार्यक्रमाची प्रमुख सूत्रे होती. पक्षाला १९७२ मध्ये सु. २ टक्के, तर १९७५ मध्ये सु. ५·२ टक्के मते मिळाली. मात्र एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडण्याच्या पद्धतीत देशभर विखुरलेल्या या मतांतून एकही जागा हाती आली नाही. त्यानंतर समाजवादाकडे झुकलेला गट आणि पर्यावरणास अग्रक्रम देणारा गट यांच्यात फूट पडली. असंतुष्ट मतदार सोशल क्रेडिट पक्षाकडे वळले. १९७८ मध्ये पक्षाची मते सु. २·४ टक्क्यांवर आली आणि १९८१ नंतर तो नाममात्र उरला. १९९० मध्ये तो नव्या ग्रीन पार्टीत विलीन झाला. दरम्यान त्याने पुरस्कारिलेले अण्वस्त्रमुक्त धोरण मजूर पक्षाच्या शासनाने स्वीकारून १९८७ मध्ये त्याचा कायदा केला.

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून मिश्र प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत आली. १९९९ च्या निवडणुकीत ग्रीन पार्टीला सु. ५·२ टक्केच मते मिळाली. पण या वेळी तिला सात जागा लाभल्या. व्हॅल्यूज पार्टीतून आलेले जीनेट फिट्झसिमन्स व रॉड डोनल्ड हे तिचे सहनेते होते. याउलट ब्रिटनच्या ग्रीन पार्टीला १९८९ च्या यूरोपीय संसदेच्या निवडणुकीत सु. १५ टक्के मते मिळूनही जुन्या पद्धतीमुळे एकही जागा मिळाली नाही. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये स्थापन झालेल्या हरित पक्षाने १९८३ मध्ये पाच टक्क्यांची अट ओलांडून संसदेत प्रवेश केला. १९९० मध्ये पश्चिमेकडील पक्ष ही अट पूर्ण करू न शकल्याने संसदेबाहेर गेला. १९९८ ते २००५ या काळात मात्र जर्मन हरित पक्ष सत्तेत सहभागी होता.

भारतात लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका एकसदस्यीय मतदारसंघांतून होतात. त्यामुळे चिपको (१९७३) किंवा नर्मदा बचाव यांसारख्या प्रभावी आंदोलनांतूनही मोठा हरित पक्ष उभा राहिला नाही. मेधा पाटकर यांनी २०१४ ची लोकसभा निवडणूक मुंबईतून आम आदमी पक्षातर्फे लढविली. तीत त्या पराभूत झाल्या. गोव्यात प्रादेशिक आराखड्याविरुद्ध उठाव झाल्यानंतर २००७ मध्ये आलेल्या ‘सेव्ह गोवा फ्रंट’ने विधानसभेच्या दोन जागा जिंकल्या, पण पुढे तो काँग्रेसमध्ये विलीन झाला.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे या अडचणीचे बोलके उदाहरण आहे. बेसाल्ट खडकात उल्काघाताने बनलेल्या, सु. १·८ किमी. व्यासाच्या या विवरातील क्षारीय पाण्यात गावातील सांडपाणी मिसळू लागले. प्रश्नाचे महत्त्व जागतिक. पण त्याची थेट झळ लागणारे मतदार मेहकर विधानसभा मतदारसंघाचा केवळ एक भाग. साहजिकच हा प्रश्न मतपेटीतून न सुटता न्यायालयात गेला. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली आणि सरोवराच्या संवर्धनाबाबत वेळोवेळी आदेश निघाले. २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

न्यायालयीन मार्गाने एखादे स्थळ वाचू शकते; परंतु पाणी, जमीन व ऊर्जा यांविषयीचे अग्रक्रम ठरविण्याचा अधिकार विधिमंडळाकडेच राहतो. लहान हरित पक्षांचे कार्य म्हणूनच त्यांनी जिंकलेल्या जागांवरून मोजणे अपुरे ठरते. आपला कार्यक्रम इतरांस स्वीकारावयास लावणे हे त्यांचे यश, आणि तो राबविण्यासाठी इतरांवरच अवलंबून राहावे लागणे ही त्यांची मर्यादा होय.