बाप्तिस्मा : पाणी आणि संमती

कॅथलिक चर्चमध्ये पाद्री अर्भकाच्या मस्तकावर तीनदा पाणी ओततो, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला बाप्तिस्मा देत असल्याचे उच्चारतो, आणि मग नोंदवहीत त्या मुलाचे नाव, आईबापांची व धर्ममाता-धर्मपित्यांची नावे, दिनांक व पाद्र्याची सही असा रीतसर दाखला उतरतो. पुढे त्याचा विवाह झाला, किंवा त्याने पुरोहितपदाची दीक्षा घेतली, तर तीही नोंद याच दफ्तरात त्याच्या नावापुढे करावी, असा चर्चचा कायदा आहे. हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो आणि तो कधीही पुसला जात नाही, या श्रद्धेमुळेच त्या एका पानाला इतके महत्त्व आले. मरणोन्मुख अर्भकाजवळ पाद्री पोहोचण्याची आशा नसेल, तर सुइणीने वा परिचारिकेने, मग ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी, चर्चच्या हेतूने पाणी ओतून ते शब्द उच्चारले की बाप्तिस्मा पूर्ण झाला, असे हाच कायदा सांगतो. देणाऱ्याची योग्यता गौण, देणारा खरा ख्रिस्तच, हा सिद्धांत पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील डोनाटस-पंथीयांशी वाद घालताना संत ऑगस्टीनने पक्का केला होता.

देणाऱ्याचा प्रश्न असा निकालात निघाला. घेणाऱ्याचा मात्र निघाला नाही. पाणी ओतावे की त्यात बुडवावे, यावर पंथोपपंथांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. परंतु ‘डिडाखी’ नावाच्या अतिप्राचीन ख्रिस्ती नियमग्रंथाने वाहते पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरे, तेही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीनदा ओतावे, अशी उदार मुभा तेव्हाच देऊन ठेवली होती. माझ्या मते बाप्तिस्म्याच्या इतिहासातील खरा कळीचा प्रश्न पाण्याच्या खोलीचा नसून संमतीचा आहे. आरंभीच्या शतकांत प्रौढ उमेदवार दीर्घकाळ शिक्षण घेऊन ईस्टरच्या रात्री पाण्यात उतरत. स्वतः ऑगस्टीनने 387 मध्ये मिलान येथे बिशप अँब्रोजच्या हातून असाच बाप्तिस्मा घेतला. त्याच ऑगस्टीनच्या जन्मजात पापाच्या विवेचनाने पुढे अर्भकांच्या बाप्तिस्म्याला बळकटी यावी, आणि ज्याला बोलताही येत नाही त्याच्या वतीने धर्ममाता-धर्मपित्यांनी श्रद्धेची ग्वाही द्यावी, असा पालट घडून आला. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च तर अर्भकाला तीनदा पाण्यात बुडवून, पवित्र तेलाचा अभ्यंग करून, त्याच वेळी प्रभुभोजनातही सामील करून घेते.

या प्रथेला 1525 च्या जानेवारीत झुरिक शहरात काही तरुणांनी आव्हान दिले. बालपणी झालेला बाप्तिस्मा आमच्या श्रद्धेतून झालेला नाही, सबब तो बाप्तिस्माच नव्हे, असे म्हणून त्यांनी फेलिक्स मांट्झच्या घरी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. जन्माने नागरिक तो जन्माने ख्रिस्ती, हा ज्या राज्यव्यवस्थेचा पाया होता तिला हे बंड वाटल्यास नवल नाही. नगरसभेने पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्यास जलसमाधीची शिक्षा फर्मावली, आणि 5 जानेवारी 1527 रोजी मांट्झला हातपाय बांधून लिमात नदीत बुडविण्यात आले. ज्या पाण्याने मुक्ती मागितली त्याच पाण्याने प्राण घेण्याची ही क्रूरता वाचताना आजही मन विषण्ण होते. क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी या पुढच्या काळातील ख्रिस्ती पंथांनी तर जलसंस्कारच ठेवला नाही; अंतःकरणातील परिवर्तन पुरेसे मानले.

याउलट इराक व इराणच्या सरहद्दीवरील नद्यांकाठी शतकानुशतके राहिलेले मंदाई लोक, जे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला थोर मानतात परंतु ख्रिस्ती नाहीत, ते हा संस्कार आयुष्यभर पुनःपुन्हा करतात. रविवारी शुभ्र वस्त्र परिधान करून ते वाहत्या पाण्यात उतरतात. पुरोहित त्यांना तीनदा बुडवितो, ओंजळीने तीनदा पाणी पाजतो, मस्तकावर मर्टल नावाच्या सुगंधी झुडपाची छोटी माळ ठेवतो, आणि काठावर तिळाच्या तेलाचा अभ्यंग करून भाकरी व पाणी देतो. 2003 नंतरच्या अराजकात त्यांतील बहुसंख्य परागंदा झाले, आणि आता सिडनीजवळच्या नेपियन नदीत त्यांचे हे विधी चालतात. नदी बदलली तरी पाणी वाहते असले पाहिजे हा नियम कायम राहिला. शीख दीक्षाविधीही याच जातीचा : 1699 मध्ये आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी लोखंडी पात्रात खंडा या दुधारी तलवारीने ढवळलेले अमृत आपल्या पाच शिष्यांना, म्हणजे पंचप्यारांना, पाजले आणि मग त्यांच्याच हातून ते स्वतः प्राशन केले, तेथेही पाणी आहे, तेथेही शपथ आहे. परंतु गुरूने शिष्यापुढे ओंजळ धरण्याची ती भव्यता निराळीच.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर संमतीचा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात इथल्या विचारी माणसांनी स्वतःच्या आयुष्याचे मोल देऊन सोडविला. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इकडे मोठा गहजब उडाला. परंतु तिकडच्या धर्मभगिनींनाही त्यांचा स्वतंत्र बाणा पचला नाही, कारण आपण ख्रिस्ताला शरण गेलो आहोत, अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांच्या प्रत्येक हुकुमाला नव्हे, ही भूमिका रमाबाईंनी पत्रापत्रांतून निकराने मांडली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेणाऱ्या नारायण वामन टिळकांच्या निर्णयाने त्यांच्या घरावर काय प्रसंग ओढवला हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहेच, मात्र लक्ष्मीबाईंवर त्यांनी सक्ती केली नाही, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पुढे काही वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या निश्चयाने झाला, ही गोष्ट मला त्या सबंध हकिगतीत अत्यंत मोलाची वाटते. टिळक याहीपुढे गेले. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला, आणि त्यात ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा झालेल्या शिष्यांबरोबर न झालेल्यांनाही जागा ठेवली. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ते याच कामात होते.