तोटा बाजाराचा, चूक आमची

धंद्यात नफा-तोटा चालायचाच, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या तोट्यात बाजाराचा वाटा किती आणि आपला किती, हा हिशेब फार थोडे लोक मांडतात. आम्हीही बरेच दिवस मांडला नव्हता. व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून आमची हकीकत येथे देत आहोत.

मालेगावात यंत्रमागवाल्यांना सूत द्यायचे आणि त्यांचे कोरे कापड घेऊन विकायचे, हा आमचा धंदा. २०१० च्या अखेरीस सुताचे भाव चढू लागले आणि आम्हाला हाव सुटली. गरजेच्या तिप्पट सूत उधारीवर उचलून गोदामात भरले. मागवाल्यांच्या कापडाचे आलेले पैसेही त्यांना न देता सुतातच घातले. मार्च २०११ मध्ये जगाच्या बाजारात कापूस शिखरावर गेला आणि पुढच्या काही महिन्यांत कोसळला. त्याबरोबर आम्हीही बसलो.

मग तोंड लपविणे सुरू झाले. फोन बंद, दुकानाचे शटर अर्धे. भेटेल त्याला सांगायचे, सटोडियांनी मारले. सूरह बकरामध्ये कर्ज लिहून ठेवण्याची ताकीद आहे आणि तंगीतल्या माणसाला मुदत देण्याचीही. आम्ही लोकांना मुदतीची आठवण देत होतो. लिहिण्याची आम्हीच विसरलो होतो.

एके दिवशी फजरच्या नमाजनंतर आठ मागांचा एक कारखानदार दारात येऊन बसला. आवाज चढविला नाही. एवढेच विचारले, "सेठ, मजुरांना कोणता वार सांगू?" आमच्यापाशी जबाब नव्हता. भाव पडणे आमच्या हातात नव्हते. पण त्याचा पैसा अमानत होता, आणि तो सट्ट्यात आम्हीच लावला होता.

त्या रात्री वही काढली. देणे असलेले एकवीस जण निघाले. प्रत्येकाकडे स्वतः गेलो आणि सांगितले, तुमचे देणे इतके, चूक आमची, महिन्याला इतके देऊ शकतो. सूत पडत्या भावात विकले, गोदाम काढले. पत्नीचे दागिने तिचे होते. त्यांना हात लावला नाही. आधी लहान मागवाल्यांचे चुकते केले, कारण त्यांच्यामागे मजुरांची चूल होती. एका सूतवाल्याने आमच्याशी व्यवहार कायमचा तोडला. तो त्याचा हक्क होता.

पुढे दुसऱ्याच्या पेढीसाठी कापडाची दलाली केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी आली, माग थांबले, हप्ता निघेना. या वेळी तारखेच्या आधीच आम्ही प्रत्येकाच्या दारी गेलो. सर्वांनी मुदत दिली. पत रकमेने परत येते, तशी वेळेवर खरे सांगितल्यानेही येते, हे तेव्हा कळले. २०१९ मध्ये शेवटचा हप्ता फिटला.

लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. पण कायद्याची नोटीस येण्याची वाट का पाहावी? हात तंग असेल तर आजच वही उघडा आणि सर्वांत लहान घेणेकऱ्याकडे आधी जा. त्या आठ मागवाल्याचे कापड आम्ही आजही घेतो. पैसे देण्याचा वार बिलावरच लिहितो.