गरोदरपणातल्या तपासण्या आणि आकड्यांचा अर्थ सांगणारी सिस्टर

रक्त काढलं, माता-बाल संरक्षण कार्डावर आकडा लिहिला, की तपासणी झाली असं आपण धरून चालतो. खरं तर तेव्हा ती अर्धीच झालेली असते. आकड्याचा अर्थ काय आणि आता करायचं काय, हे त्या बाईला कळलं की ती पुरी होते. हे समजावण्याचं काम बहुतेक ठिकाणी सिस्टरच करते, आणि ते इंजेक्शन देण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पहिली भेट

नोंदणी 12 आठवड्यांच्या आत व्हायला हवी. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही रीत अजून अनेक घरांत पाळतात. शेजारणीला नका सांगू, पण आशाताईला सांगा. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते, त्यामुळे फॉलिक ॲसिडची गोळी शक्यतो दिवस जाण्याआधीपासूनच घ्यावी.

शेवटच्या पाळीची तारीख आठवत नसेल, तर अनुभवी सिस्टर विचारते, "संक्रांतीच्या आधी आली होती की नंतर?" पुढच्या कितीतरी तपासण्यांची वेळ या एका तारखेवर ठरते. रक्तगट, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस या तपासण्या सुरुवातीलाच होतात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही योजना 2016 पासून चालू आहे.

हिमोग्लोबिन आणि लाल गोळ्या

हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय, 7 च्या खाली गेलं की तो तीव्र. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे 180 दिवस लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या मिळतात, पण पोटात जातातच असं नाही. मळमळतं, शौचाला काळी होते, मग बाई घाबरून गोळ्या बंद करते. काळी शौच होणारच आणि त्यात काही वावगं नाही, एवढं आधी सांगून ठेवलं तरी गोळ्या सुटत नाहीत. गोळीच्या आगेमागे चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, आणि जेवणात लिंबू.

साखरेची तपासणी

75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तातली साखर मोजतात. 140 किंवा जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत ठीक आली तरी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा करायची. उपाशी येण्याची सक्ती नाही.

डबल मार्करचा कागद

सर्वांत जास्त घबराट या कागदाने होते. साधारण 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान आईचं रक्त आणि सोनोग्राफीतलं बाळाच्या मानेमागचं माप यांवरून डाऊन सिंड्रोमची शक्यता काढतात. अहवालात 1:200 लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ असा: असाच निकाल आलेल्या 200 बायकांपैकी एकीच्या बाळाला तो असेल, 199 जणींच्या बाळांना नसेल. ही चाळणी आहे, निदान नव्हे. हे समजावलं नाही, तर घरात बाळ सदोष असल्याचं पक्कंच होऊन बसतं.

निदान हवं असेल, तर 15 आठवड्यांनंतर गर्भजल काढून तपासतात. त्यात गर्भपाताचा धोका थोडाच असतो, पण शून्य नाही. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्यानंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं का, हे सिस्टरने आठवणीने पाहावं. अशा तपासणीआधी तिचे दुष्परिणाम सांगणं, बाईला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घेणं आणि त्याची प्रत तिला देणं 1994 च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. त्याच कायद्याने बाळाचं लिंग सांगायलाही बंदी आहे. महाराष्ट्राने तर 1988 मध्येच असा कायदा केला होता.

तपासणी करायची की नाही, हा निर्णय त्या बाईचा. सिस्टरने माहिती द्यावी, ढकलू नये.

सिकलसेल

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत ही तपासणी टाळून चालत नाही. बाई वाहक निघाली, तर लगेच नवऱ्याचंही रक्त तपासायचं. दोघं वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याला धोका नाही, असं मुळीच नाही. दोष एकट्या सुनेचा नाही, हेही सासूबाईंसमोर स्पष्ट सांगायला हवं. आजार आईवडील दोघांकडून येतो.

माहेरी जाताना

सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी जाते आणि तिथल्या सिस्टरला मागचं काहीच ठाऊक नसतं. कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे अहवाल पिशवीत सर्वांत आधी टाका. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त, थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. 102 किंवा 108 वर फोन करा. आणि पुढच्या भेटीला जाल तेव्हा कार्डावरच्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून विचारा, "सिस्टर, याचा अर्थ काय?" तो तुमचा हक्क आहे.