ओतीव पोलादाचे अंतरंग

कमी कार्बनच्या पोलादात कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांहून कमी असतो. असे बहुतेक पोलाद आज कंटिन्युअस कास्टिंग पद्धतीने ओतले जाते. पाण्याने थंड ठेवलेल्या, तळ उघडा असलेल्या तांब्याच्या साच्यात वितळलेल्या पोलादाचा रस ओतला की भिंतीलगत कवच धरते. आतला रस पातळ असतानाच स्लॅब (पोलादाची जाड लादी) खाली ओढला जातो आणि पाण्याच्या फवाऱ्यांखाली तो पूर्ण गोठतो.

बाहेरून आत थंडावण्याचा वेग घटत जातो. त्यामुळे पृष्ठभागाशी बारीक कण, त्यामागे आतल्या दिशेने वाढलेले लांबट स्फटिक आणि मध्यभागी सर्व बाजूंनी सारखे वाढलेले कण आढळतात. गोठताना मँगनीज, गंधक आणि फॉस्फरस उरलेल्या रसात साठत जातात व शेवटी मध्यरेषेवर अडकतात.

मध्यरेषेवर असे साठणे हा दोष असून तो गंधकाच्या ठशाने दिसतो. फोटोचा ब्रोमाइड कागद सौम्य गंधकाम्लात भिजवून घासलेल्या काप-पृष्ठावर काही मिनिटे दाबून धरतात. जिथे सल्फाइड आहे तिथे हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि कागदावर तपकिरी डाग उमटतात. डागांची रांग मध्यावर आली, की गंधक तिथेच साठल्याचे कळते.

सूक्ष्मरचना पाहण्यासाठी नमुना क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या घासकागदांवर घासून हिऱ्याच्या पेस्टने आरशासारखा चकचकीत करतात. मग अल्कोहोलमध्ये मिसळलेले सुमारे २ टक्के नायट्रिक आम्ल काही सेकंद लावतात. चकाकी मंदावते आणि सूक्ष्मदर्शकाखाली फिकट फेराइट (जवळजवळ शुद्ध लोह) व गडद पर्लाइट (फेराइट आणि लोह कार्बाइडचे पातळ थर) वेगळे दिसू लागतात. शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६० च्या दशकात पोलादाचे असे निरीक्षण प्रथम केले.

ओतीव स्लॅबमध्ये ऑस्टेनाइटचे, म्हणजे पोलादाच्या उच्च तापमानाच्या रूपाचे, कण मोठे असतात. थंड होताना फेराइट आधी त्यांच्या सीमांवर धरते, मग सुयांसारखे आत घुसते. उरलेल्या ऑस्टेनाइटचे ७२७ अंश सेल्सिअसच्या सुमारास पर्लाइट होते. ०.१ टक्का कार्बन असेल आणि पोलाद सावकाश थंड झाले, तर पर्लाइट जेमतेम दहावा हिस्सा भरते.

या निरीक्षणांवरून कारखान्यात दुरुस्ती होते. रसाचे तापमान गोठणबिंदूच्या जवळ ठेवले किंवा विद्युतचुंबकाने रस ढवळला, तर मधले समकण क्षेत्र वाढते. गोठण्याच्या अखेरीस स्लॅब हलकेच दाबला, तर मध्यरेषेवरचा साठा कमी होतो. पुढे गरम रोलिंगमध्ये भरड कण मोडून बारीक होतात. पण मँगनीजचा असमतोल बराचसा टिकतो आणि पत्र्यात पर्लाइटच्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. म्हणून तो ओतकामातच आवरावा लागतो.