पाणी काचेसारखं, प्रवाळ पांढरंफटक!

सॅन होजेला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या मावसभावाचं ऑफिसनंतरचं एकच वेड, रीफ टँक. खारं पाणी, जिवंत प्रवाळं! पाणी पिवळट दिसायला लागलं म्हणून पठ्ठ्याने अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा अख्खा डबा फिल्टरमध्ये ओतला. दोन दिवसांत पाणी काचेसारखं. आठवड्याभरात वरची प्रवाळं पांढरी!

कार्बनचा दोष नव्हता. या काळ्या दाण्यांत इतकी सूक्ष्म छिद्रं असतात, की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग १००० चौरस मीटरच्या घरात जातो. पाणी पिवळं करणारे सेंद्रिय पदार्थ त्याला चिकटतात. लेदर कोरलसारखी मऊ प्रवाळं शेजाऱ्यांना हटवायला जी विषारी रसायनं सोडतात, तीही बऱ्याच अंशी. (नायट्रेट मात्र नाही हं!)

मग बिघडलं कुठे? पिवळट पाणी निळा प्रकाश अडवतं. तो पडदा एकदम हटला, प्रकाश सोसेना आणि प्रवाळांनी आपल्याला पोसणारं सूक्ष्म शेवाळच बाहेर टाकलं. भावाने दिवे मंद केले. निम्मी वाचली, निम्मी गेली.

आता तो दाणे शुद्ध पाण्यात धुऊन जाळीच्या पिशवीत घालतो. सुरुवात मूठभर. काही आठवड्यांनी बदली, कारण भरलेला कार्बन नुसता बसून राहतो.

आणि मंडळी, मुंबई-पुण्यात हा बेत असेल तर सबूर! कडक प्रवाळं २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत. मालवणच्या समुद्रात बघा, घरी आणू नका.