कागदावरची बॅटरी

त्या दिवशी लाइट सकाळी साडेदहाला गेली. पीक विम्याच्या मुदतीचे शेवटचे चार दिवस उरले होते आणि माझ्या सेवा केंद्राच्या पडवीत अकरा माणसं बसली होती. कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव. जुलैत एखादी फांदी तारेवर पडली की लाइट कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. पण मी निर्धास्त होते. तीनच आठवड्यांपूर्वी लॅपटॉपला नवी बॅटरी घातली होती आणि पडद्यावर ६१ टक्के दिसत होते. मोबाइलचं नेट जोडलं आणि तात्यांचा फॉर्म भरायला घेतला. गट नंबर, क्षेत्र, खाते क्रमांक, सगळं भरून झालं. सातबारा चढवत होते तेवढ्यात पडदा काळा झाला. आधी ना इशारा, ना लाल खूण.

"बाय, माझो फॉर्म गेलो काय गे?" तात्यांनी विचारलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, चार किलोमीटर पावसात चालत आला होता. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं. त्या रात्री मला झोप आली नाही. ६१ टक्के असताना यंत्र बंद पडतं, तर ते ६१ टक्के होते तरी कशाचे?

माझा भाचा पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने फोनवरून पहिली गोष्ट करायला सांगितली ती विंडोजचा बॅटरी अहवाल काढायची. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते. त्यात तीन आकडे बघायचे. बॅटरी बनवताना ठरलेली क्षमता, आज पूर्ण चार्ज झाल्यावर मावणारी क्षमता आणि आजवर किती वेळा ती भरली-रिकामी झाली त्याची मोजणी. माझ्या अहवालात पहिला आकडा ४७,५२० मिलिवॉट-तास, दुसराही ४७,५२०, आणि मोजणी शून्य. कागदोपत्री बॅटरी शंभर नंबरी.

"मावशी, शून्य कसं असेल? तीन आठवडे वापरतेयस ना?" तो म्हणाला.

माझं सगळं आयुष्य नोंदींत चाललंय, म्हणून मला हे लगेच उमगलं. जमीन विकली जाते, नवा मालक भात लावतो, पण फेरफार झाला नाही तर सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं. कागद खोटा नसतो, तो नुसता मागे राहिलेला असतो. बॅटरीतही जमीन वेगळी आणि सातबारा वेगळा. वीज साठते ती सेलमध्ये. आमच्या लॅपटॉपच्या पॅकमध्ये असे सहा सेल आहेत, १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, पेन्सिल सेलपेक्षा थोडे मोठे. आणि त्या सेलच्या शेजारी एक लहानशी चिप बसवलेली असते, ती नोंद ठेवते. टक्के दाखवायला लॅपटॉप स्वतः काही मोजत नाही. तो चिपला विचारतो, चिप सांगते, आणि तो ते पडद्यावर लिहितो. हा सवालजवाब कसा व्हावा याचे नियम इंटेल आणि ड्युरासेल या कंपन्यांनी १९९५ मध्ये ठरवून दिले. चिपचं उत्तर खरं की खोटं हे तपासायची सोय मात्र लॅपटॉपकडे नाही.

चिप तरी काय करील? लिथियमच्या सेलमध्ये किती वीज उरली ते बाहेरून ओळखणं खरंच अवघड असतं. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तो लवकरच थोडा उतरतो, मग ३.७ च्या आसपास बराच वेळ रेंगाळतो आणि शेवटी एकदम कोसळतो. मधल्या सपाटीवर ७० टक्के आणि ४० टक्के यांत दाबाचा फरक इतका थोडा, की काम चालू असताना त्यावरून अंदाज बांधता येत नाही. म्हणून चिप दुसरा मार्ग धरते. वीज ज्या वाटेने आत-बाहेर जाते तिथे ओहमच्या काही हजारांश एवढाच रोध असलेली एक पट्टी बसवलेली असते. तिच्यावरून किती प्रवाह गेला ते चिप सतत मोजते आणि बेरीज-वजाबाकी करत राहते. वाण्याच्या वहीसारखं हे काम आहे, इतकं आलं, इतकं गेलं, शिल्लक अमुक. पण वाणी वर्षातून एकदा दुकानातला माल प्रत्यक्ष मोजतो. चिपला ती संधी मुख्यतः बॅटरी पूर्ण भरते किंवा पूर्ण रिकामी होते तेव्हा मिळते. लॅपटॉप सदा प्लगला लावलेला असेल तर तळ कधी येतच नाही आणि चूक साचत जाते.

आणि मुळात वहीतली पहिली शिल्लकच चुकीची लिहिलेली असेल तर? बदली म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त पॅकमध्ये हाच घोटाळा असतो. मूळ कंपनीच्या बॅटरीचे आकडे चिपमध्ये जसेच्या तसे उतरवले जातात आणि शेजारी बसवले जातात हलके सेल. चिपमधली नोंद बाहेरून बदलता येते हे २०११ मध्ये चार्ली मिलर या सुरक्षा संशोधकाने जगापुढे मांडलं. मॅकबुकच्या बॅटरीतल्या चिपचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच ठेवलेले त्याला आढळले आणि ते वापरून त्याने चिपला हवं ते बोलायला लावलं. ही गोष्ट भाच्याकडून ऐकली तेव्हा मला तात्यांचा चेहरा आठवला. पडद्यावरच्या आकड्यावर आपण किती भरवसा टाकतो!

मग चिपला न विचारता मोजायचं कसं? भाच्याने सुचवलेली युक्ती मला फार आवडली, कारण तिला लागतं ते फक्त भिंतीतल्या प्लगला लावायचं वीज-मीटर. लॅपटॉप स्वतःहून बंद पडेपर्यंत मी बॅटरी रिकामी केली. मग बंद ठेवूनच, मीटरमधून, ती पूर्ण भरली. मीटरवर आकडा आला ०.०३६ युनिट. लाइटबिलात असतो तोच हा युनिट, म्हणजे १,००० वॉट-तास. माझ्या बॅटरीने भिंतीतून एकूण ३६ वॉट-तास घेतले होते, आणि त्यातलेही काही अडॅप्टरच्या उष्णतेत गेले. मग तिच्यात साडेसत्तेचाळीस वॉट-तास मावतात हे खरं कसं असेल? घागरीत ओतलं त्यापेक्षा जास्त पाणी निघत नाही. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा तेवढाच.

दुसऱ्या दिवशी समोरच्या किराणा दुकानात दोन्ही बॅटऱ्या काट्यावर ठेवल्या. जुनी मूळची ३१८ ग्रॅम, नवी २६२. आकाराने दोन्ही सारख्या. या जातीच्या चांगल्या सेलचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे असतं. सहा सेल आणि वरचं प्लॅस्टिक धरून हिशेब केला तर नव्या बॅटरीत कसले सेल होते ते कळतंच.

६१ टक्के दिसत असताना लॅपटॉप एकदम का बंद पडला, तेही यातच आलं. सहा सेल दोन-दोनच्या तीन जोड्यांत, एकापुढे एक असे जोडलेले असतात. एक जोडी कमजोर निघाली की इतर दोघींत वीज असूनही तिचा दाब आधी खाली जातो. फाइल चढवताना लॅपटॉपने जास्त वीज ओढली, त्या जोडीने दम सोडला, आणि संरक्षक सर्किटने सगळंच तोडलं. चिपच्या वहीत मात्र ६१ टक्के शिल्लक तशीच.

चिपला फेरफार करायला लावता येतो. बॅटरी पूर्ण भरायची, दोन तास तशीच राहू द्यायची. मग प्लग काढून, झोपी जाण्याची सेटिंग बंद करून, लॅपटॉप आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचा. चार-पाच तास विश्रांती द्यायची आणि मध्ये न थांबता पुन्हा शंभर टक्के भरायची. विश्रांती चुकवायची नाही, कारण सेल निवांत असतानाच त्याच्या दाबावरून खरी शिल्लक कळते. हे एक-दोनदा पुरतं. दर आठवड्याला केलं तर उलट सेल झिजतात. बॅटरी फुगलेली असेल तर यातलं काहीच करू नये, ती वापरातून काढून टाकावी. माझ्या बॅटरीवर दोन फेऱ्या झाल्यावर अहवालातला दुसरा आकडा ४७,५२० वरून २९,८०० वर उतरला. उष्णतेत गेलेलं वजा धरलं तर भिंतीच्या मीटरशी तो जुळत होता. आकडा कमी झाला म्हणून मला वाईट वाटलं नाही. पहिल्यांदाच ती खरं बोलत होती.

उलटंही घडतं, आणि ते मी आमच्या शाळेतल्या बाईंच्या लॅपटॉपवर पाहिलं. त्यांनी जुन्या पॅकमध्ये ओळखीच्या कारागिराकडून नवे, चांगले सेल भरून घेतले होते. चिप जुनीच राहिली. तिच्या मते बॅटरी सहाशे वेळा वापरलेली होती आणि क्षमता निम्म्याहून कमी. सात टक्क्यांवर आली की लॅपटॉप बंद व्हायच्या तयारीला लागे. आपोआप बंद होण्याची सेटिंग काढल्यावर तोच लॅपटॉप त्या सात टक्क्यांवर आणखी सव्वा तास चालला. जमीन सुपीक, सातबारा पडीक. बाई ती बॅटरी टाकून देणार होत्या, मी हात धरला म्हणून वाचली. दोन फेऱ्यांनंतर बरीचशी ताळ्यावर आली. काही चिपा मात्र सेल काढताच कायमच्या कुलूपबंद होतात, तिथे इलाज चालत नाही.

मीटरचे फोटो आणि वजनाची चिठ्ठी घेऊन मी दुकानात गेले. दुकानदार आधी म्हणाले, "ताई, रिपोर्टमध्ये तर फुल दाखवत होती." मी त्यांना मीटर लावून दाखवला. ते शांतपणे बघत राहिले. वरून जे येतं ते ते विकतात, हेही मला दिसत होतं. बॅटरी त्यांनी बदलून दिली. या वेळी मी आधी वजन केलं आणि भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि नोंदणी क्रमांक पाहिले. ही खूण सेलच्या सुरक्षिततेची आहे, क्षमतेची हमी नव्हे. पण जी बॅटरी तेवढंही दाखवत नाही ती मी आता घेत नाही.

दुसरी बॅटरी मीटरवर ०.०५१ युनिट घेते. तिच्या पाठीवर मी कागदाची पट्टी चिकटवली आहे, त्यावर तारीख आणि पूर्ण भरल्यावर ती किती वेळ चालली ते, तीन तास पंचवीस मिनिटं. दर दोन महिन्यांनी खाली नवी ओळ लिहिते.

काल पुन्हा लाइट गेली. पडवीत सहा माणसं होती. पडद्यावर ४३ टक्के होते. मी घड्याळ पाहिलं, पट्टीवरचा शेवटचा आकडा पाहिला आणि म्हटलं, "तासभर काम चालेल. ज्यांना लांब जायचंय त्यांनी आधी या."